तांब्यावरची लढाई

वर्ध्याहून यवतमाळच्या रस्त्याला लागले की १७-१८ किलोमीटरवर देवळी येते. कापसाचा बाजार, मिरननाथ महाराजांचे देवस्थान आणि कुस्तीचा नाद, अशी या गावाची जिल्ह्यातली ओळख. इतिहासाच्या पुस्तकांत मात्र देवळी पोहोचली ती तांब्याच्या पत्र्यांमुळे. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याने शके ८६२ मध्ये, म्हणजे इ.स. ९४० मध्ये, दिलेल्या दानाचा ताम्रपट इथे सापडला आणि रा. गो. भांडारकरांनी तो वाचून प्रसिद्ध केला. दान एका गावाचे. पण गावाचे नाव येईपर्यंत वाचणाऱ्याला राजघराण्याची सगळी वंशावळ आणि बऱ्याच लढाया ओलांडाव्या लागतात.

त्या लढायांचे वर्णन मोठे मजेचे आहे. युवराज असताना कृष्णाने दंतिग आणि वप्पुग यांना ठार केले. गंगांच्या राज्याला तिथे बागेची उपमा आहे: राजाने रच्छ्यमल्ल नावाचा विषवृक्ष उपटला आणि त्या जागी भूतार्याचे चांगले झाड लावले. दक्षिणेतले किल्ले त्याने नुसत्या रागीट नजरेने जिंकले, ते ऐकून गुर्जराच्या मनातली कालंजर आणि चित्रकूट यांची आशा गळून पडली. रक्ताचा थेंब नाही, घोड्याची टाप नाही. या सगळ्याच्या मागे देवाची सोयही नीट लावलेली: घराणे चंद्रवंशातले, यदूच्या कुळातले, ज्या कुळात खुद्द विष्णूने कृष्ण होऊन जन्म घेतला. राजाचे नावही कृष्ण. त्याचा पूर्वज पहिला कृष्ण, त्याने बांधलेली शिवमंदिरे म्हणजे जणू कैलासाची शिखरे. विष्णू रक्तात आणि शिव बांधकामात, असा दुहेरी आधार घेऊन हा राजा लढायला उतरतो.

देवळीच्या पत्र्यावर लढाईचे चित्र नाही, शब्द आहेत. पण तांबे तेच, कोरणी तीच, आणि जुन्या युद्धात देवाला नेमके कुठे उभे करायचे हा प्रश्नही तोच, जो सात-आठशे वर्षांनी युरोपातल्या बरोक काळातल्या तांब्यावर चित्रे कोरणाऱ्या उस्तादांपुढे होता. मराठी मुलखात या प्रश्नाची उत्तरे दगडात, कागदावर आणि देवघरातल्या चांदीच्या पत्र्यावरही सापडतात. ती एकमेकांशेजारी मांडून पाहावी अशी आहेत.

आधी युरोप. तिथे सर्वांत जास्त वेळा रंगवली आणि कोरली गेलेली प्राचीन लढाई म्हणजे मिल्वियन पुलाची. २८ ऑक्टोबर ३१२ रोजी रोमजवळ तायबर नदीच्या काठी कॉन्स्टंटाइनने मॅक्सेंटियसचा पराभव केला, मॅक्सेंटियस नदीत बुडून मेला. कॉन्स्टंटाइन पुढे ख्रिस्ती धर्माचा मोठा आश्रयदाता ठरला, म्हणून ही लढाई धर्माच्या इतिहासातली कलाटणी मानली गेली. व्हॅटिकनच्या भिंतीवर १५२०च्या सुमारास राफाएलच्या शिष्यांनी ती रंगवली. मधोमध पांढऱ्या घोड्यावर सम्राट, उजवीकडे पाण्यात गटांगळ्या खाणारा शत्रू, निशाणांवर क्रूस, आणि डोक्यावर आभाळात तलवारी उपसलेले तीन देवदूत. सतराव्या शतकात या भिंतीचित्राची तांब्यावर कोरलेली छापील रूपे युरोपभर फिरली. शार्ल लब्रं या फ्रेंच चित्रकाराने याच लढाईची आपली वेगळी रचना केली आणि जेरार ओद्रां याने ती १६६६ मध्ये तांब्यावर उतरवली.

पण लढाईच्या तीनच वर्षांनी, ३१५ मध्ये, रोममध्ये कॉन्स्टंटाइनच्या विजयाची कमान उभी राहिली. ती अजून आहे. तिच्यावर ही लढाई कोरलेली आहे, नदीत बुडणारे सैनिकही आहेत, पण क्रूस कुठेच नाही. आहेत ते सूर्य आणि चंद्र, आणि पंख असलेल्या विजयदेवता. कमानीवरच्या लेखात म्हटले आहे की हे सारे ‘दैवी प्रेरणेने’ घडले. कोणाच्या, ते सांगण्याची तसदी घेतलेली नाही. ज्यांनी लढाई पाहिली त्या पिढीने देवाचे नाव मोघम ठेवले. लॅक्टँशियस हा लेखक लढाईनंतर काही वर्षांनी सांगतो की सम्राटाला स्वप्न पडले आणि त्याने ढालींवर खूण काढायला लावली. त्यानंतर युसेबियसने सम्राटाचे चरित्र लिहिले, तेव्हा भर दुपारी सूर्याच्या वर प्रकाशाचा क्रूस साऱ्या सैन्याला दिसला. स्वप्नातून ढालीवर, ढालीवरून आभाळात, आणि बारा शतकांनी त्या आभाळात तलवारधारी देवदूत. लढाई जितकी जुनी होत गेली तितका देव तिच्यात ठळक होत गेला. हा आलेख मराठी वाचकाला अनोळखी वाटू नये. आपल्याकडच्या लढायांचाही बराचसा असाच आहे.

तांब्यावरच्या छपाईची रीत इथे थोडी समजून घ्यायला हवी, कारण प्रतीकांचे बरेच काही तिच्यावर ठरते. पत्रा घासून आरशासारखा करायचा. मग एक तर कोरणीने थेट रेघ काढायची, नाही तर पत्र्यावर मेणाचा थर देऊन सुईने रेघ ओढायची आणि तेजाबात बुडवायचे, म्हणजे उघड्या पडलेल्या रेघेवर तांबे खाल्ले जाते. रेघांच्या खाचांत शाई भरायची, वरची पुसून घ्यायची, ओलसर कागद ठेवून दोन रुळांच्या चरकातून दाबून काढायचा. कागदावर चित्र उलटे येते. कोरणारा गाफील राहिला तर सगळे योद्धे डावखुरे होतात आणि आशीर्वादाचा हातही डावा निघतो. रंग नाही, त्यामुळे सोने, निळाई, रक्त ही रंगातली प्रतीके हातून जातात. दिव्यत्व दाखवायचे तर किरणांच्या रेघा ओढा, ढग फाडा, नाही तर आकृती हवेत तरंगवा. बरोक काळातल्या या चित्रांत देव वर आभाळात का असतो याचे थोडे कारण धर्मशास्त्रात आहे, थोडे या काळ्या-पांढऱ्या तंत्रात. खाली माणसांची आणि घोड्यांची एवढी गर्दी कोरलेली असते की कागदाची रिकामी जागा वरच उरते.

लब्रंच्याच अलेक्झांडरच्या लढायांत तर देवदूत चालण्यासारखे नव्हते. नायक ख्रिस्ताच्या आधीचा. अर्बेलाच्या लढाईत त्याने अलेक्झांडरच्या डोक्यावर गरुड घिरट्या घालताना दाखवला, ओद्रांने १६७४ मध्ये तो कोरला. गरुड हा झ्यूसचा पक्षी आणि जुन्या चरित्रांतही आलेला शकुन. शिवाय चित्र चौदाव्या लुईच्या दरबारासाठी होते, तेव्हा अलेक्झांडरची स्तुती कोणाच्या पदरात पडायची हे दरबाऱ्यांना सांगावे लागत नव्हते. देवळीच्या पत्र्यावरचा कृष्ण आणि यदुकुळातला कृष्ण यांची सांगड घालणाऱ्या कवीला हा डाव लगेच कळला असता.

या जगाचा मराठीशी थेट धागा गोव्यातून जातो. फ्लॉरेन्सचा अंतोनियो तेंपेस्ता याने १६१३ मध्ये बायबलच्या जुन्या करारातल्या लढायांची २४ चित्रे तांब्यावरून छापली आणि ती मेदिची घराण्याच्या दुसऱ्या कोसिमोला अर्पण केली. त्यानंतर तीन वर्षांनी, १६१६ मध्ये, गोव्यात राचोलला थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघाले, मराठी ओवीत. त्याचा पहिला भाग, ‘पैले पुराण’, जुन्या करारावरच उभा आहे. एकाच दशकात तीच परंपरा तिकडे तेजाबाने तांब्यात उतरत होती आणि इकडे ओवीच्या ठेक्यात बसत होती. तेंपेस्ताकडे ढगांतून हस्तक्षेप करणारा देव आहे. स्टीफन्सला मराठी श्रोत्यांपर्यंत तो पोहोचवायचा तर पुराणिकाची बैठक घ्यावी लागली. दुसऱ्या कोसिमोचा नातू तिसरा कोसिमो, त्याने पाठवलेली फ्लॉरेन्सची संगमरवरी समाधी आजही जुन्या गोव्यात बॉम जेझूसच्या चर्चमध्ये सेंट झेवियरच्या पेटीखाली आहे. तिच्यावरचे ब्राँझचे पट्ट पाहिले तर बरोक धातुकाम आपल्या किती जवळ येऊन गेले ते कळते.

आता वर्ध्यालाच परत. देवळीपासून तासाभराच्या अंतरावर धाम नदीच्या काठी पवनार आहे. वा. वि. मिराशींनी हेच वाकाटकांचे प्रवरपूर असे मांडले, म्हणजे दुसऱ्या प्रवरसेनाची पाचव्या शतकातली राजधानी. या राजाच्या नावावर ‘सेतुबंध’ हे महाराष्ट्री प्राकृतातले महाकाव्य आहे. विषय वानरांचा सेतू आणि रावणाचा वध. पुढे १९३८ मध्ये विनोबा पवनारला राहायला आले आणि तिथल्या जमिनीत खणताना शिल्पपट्ट निघू लागले. मिराशींनी त्यांत रामायणाचे प्रसंग ओळखले, वाली-सुग्रीवाचे द्वंद्व त्यांतलेच.

रामायणातली ही झुंज प्रतीकांच्या दृष्टीने अवघड जागा आहे. दोघे भाऊ दिसायला इतके सारखे की रामाला बाण कोणावर सोडावा ते कळत नाही. मग सुग्रीवाच्या गळ्यात गजपुष्पीच्या वेलीची माळ घातली जाते. म्हणजे कथेतच खूण लागते, आणि ती खूण धर्माची नसून ओळखीची आहे. देव इथे झाडाआड उभा आहे, आणि त्याच्या त्या आडून मारण्यावर वाली मरता मरता हरकत घेतो. मिल्वियन पुलावर पाण्यात बुडणाऱ्या मॅक्सेंटियसला कोणी बोलू देत नाही.

विनोबांना मात्र या पट्टांतला दुसराच एक महत्त्वाचा वाटला. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या गीताप्रवचनांत त्यांनी राम आणि भरत यांच्या भेटीचे चित्र काढले जावे असे बोलून दाखवले होते: एक वनातून आलेला, एक अयोध्येत राहूनही तपस्वी झालेला, दोघे पाहणाऱ्याला सारखेच वाटावेत. काही वर्षांनी पवनारच्या मातीतून निघालेल्या पट्टात त्यांना तीच भेट दिसली. आश्रमातले भरत-राम मंदिर त्यातून आले. त्यातल्या योगायोगाचे काय करायचे ते ज्याने त्याने ठरवावे. पण युद्धाच्या महाकाव्यातून या माणसाने पूजेसाठी उचलला तो गळाभेटीचा प्रसंग, हे वर्ध्याच्या हवेला धरून झाले.

मराठी मनातली खरी प्राचीन लढाई कुरुक्षेत्राची. तिच्या चित्रात देव आभाळात तरंगत नाही, तो जुवाजवळ बसलेला आहे. हातात चाबूक आणि लगाम. पायदळाच्या उंचीवर, धुळीत. भिंतीवरच्या कॅलेंडरात ही आकृती इतकी सवयीची झाली आहे की तिच्यातले नवल आता जाणवत नाही: देव सारथी आहे, म्हणजे दरबारी उतरंडीत रथीच्या खालच्या जागेवर.

त्याच रथाच्या निशाणावर वानर आहे. महाभारतातच त्याच्या दोन हकिकती आहेत. खांडववन जाळताना अग्नीच्या सांगण्यावरून अर्जुनाला जो दिव्य रथ मिळाला, त्याच्या ध्वजावर वानर आधीपासून होता. वनपर्वात मात्र भीमाला भेटलेला हनुमान वचन देतो की अर्जुनाच्या ध्वजावर बसून गर्जना करीन. निशाण आधीचे आणि कथा त्याला मागून चिकटली, असा संशय घ्यायला इथे जागा आहे. क्रूसाचेही तेच झाले होते. पुढचा तुकडा सर्वांत चांगला आहे आणि कॅलेंडरवाल्यांनी तो टाळला आहे. युद्ध संपल्यावर कृष्ण अर्जुनाला आधी उतरायला सांगतो, मग स्वतः उतरतो. त्याबरोबर ध्वजावरचा वानर निघून जातो आणि द्रोण-कर्णांच्या अस्त्रांनी कधीच जळून गेलेला रथ राख होऊन खाली बसतो. प्रतीक गेले आणि वाहन कोसळले.

घोडे किती, यावरही चित्रकारांचे एकमत नाही. कोणी चार काढतो, कोणी पाच. कठोपनिषदात शरीर हा रथ, बुद्धी सारथी, मन लगाम आणि इंद्रिये घोडे आहेत, त्यामुळे पाच घोड्यांचे चित्र उघडच उपनिषदाच्या बाजूचे. चार काढणारा लढाईतला रथ काढतो.

कुरुक्षेत्र आणि तांब्याचा पत्रा यांची मराठीत खरोखरची गाठ पडली ती पेशवाईच्या उतरणीला. पुण्यात इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट आणि त्याच्या ओळखीने आलेला चित्रकार जेम्स वेल्स यांच्यामुळे शनिवारवाड्यात चित्रकलेची शाळा निघाली. तिच्यात शिकलेल्या गंगाराम तांबटाने वेरूळची लेणी कागदावर उतरवली. त्यांत कैलास लेणे, म्हणजे देवळीच्या ताम्रपटातल्या त्याच पहिल्या कृष्णाचे. त्या कैलासाच्या एका अंगाला रामायण आणि दुसऱ्या अंगाला महाभारत ओळींनी कोरलेले आहे, एखादी पोथी भिंतीवर उलगडून ठेवावी तसे. याच सुमारास नाना फडणवीसांच्या मनात गीता छापावी असे आले आणि एका तांबटाकडून तांब्याचे पत्रे कोरून घेण्याचे काम सुरू झाले. १८०० मध्ये नाना गेले. काम मिरजेला गंगाधरराव गोविंद पटवर्धनांच्या आश्रयाने पुढे चालले आणि १८०५ मध्ये ती गीता छापून निघाली. भांडी ठोकणाऱ्या हाताने देवनागरी अक्षर न् अक्षर उलटे कोरायचे, मात्रा आणि वेलांट्या आरशातल्यासारख्या वळवायच्या, आणि तेही धर्मग्रंथाचे. चूक झाली तर खोडता येत नाही, तांबे मागून ठोकून वर आणावे लागते. युरोपात या तंत्राने लढायांची चित्रे घरोघर गेली. इथे त्याच तंत्राचा पहिला मान लढाईच्या तोंडावर झालेल्या संभाषणाला मिळाला.

आपल्याकडे चित्रे घरोघर गेली ती दगडी छापाने. पुण्यात १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सोबत्यांनी चित्रशाळा काढली. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू होऊन पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. रंग आले आणि काळ्या-पांढऱ्या चित्रातली अडचण संपली: कृष्ण निळा, पीतांबर पिवळा, घोडे पांढरे. याच चित्रांनी देवामागचे युरोपी वळणाचे ढग आणि किरणही घरात आणले. विश्वरूपदर्शनाच्या पुष्कळ चित्रांत कृष्णाच्या मागे उजेड फुटतो, त्याची वंशावळ थोडी गीतेतली आणि थोडी रोमकडची आहे.

सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या चित्रकथींना या उजेडाची कधी गरज पडली नाही. ठाकर समाजातले हे कलावंत पोथीतले एकेक चित्र गुडघ्यावर उभे धरून गाऊन कथा सांगत. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच परंपरेसाठी. या चित्रांत दूरचे-जवळचे हा भेद नाही. टपोऱ्या डोळ्यांचे योद्धे एका रेघेवर समोरासमोर उभे, मध्ये बाणांची दाटी. देव आणि माणूस एकाच मापाचे. कोण कोण ते मुकुटावरून, रंगावरून आणि बाकीचे गाणाऱ्याच्या तोंडून कळते. प्रतीक अर्धे कागदावर आणि अर्धे गळ्यात, अशी ही वाटणी.

वीरगळाची, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मारकशिळेची, भाषा तर त्याहून आखीव. खालच्या चौकटीत लढाई आणि मरण, मधल्या चौकटीत अप्सरा वीराला वर नेत आहेत, वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. मुंबईत बोरिवलीजवळ एकसरच्या वीरगळांत लढाई समुद्रावरची आहे, वल्ह्यांच्या जहाजांची, पण चौकटींचा क्रम बदलत नाही. देव इथेही वर आहे हे खरे. फरक एवढाच की तो लढाईत हात घालत नाही. जिंकवत नाही, मेल्यानंतर जवळ घेतो. माथ्यावरचे चंद्र-सूर्य आणि दानपत्रांतले ‘आचंद्रार्क’ (चंद्र-सूर्य असेतोवर) हे एकच चलन आहे, एकदा चित्रात आणि एकदा शब्दात मोडलेले.

युद्धाचे चित्र खरे मानायचे की रूपक, हा वाद वर्ध्यात विशेष रंगला. गांधींनी गीतेतली लढाई माणसाच्या अंतःकरणातली मानली आणि १९३४ नंतर ते इथेच राहिले. विनोबांनी ७ ऑक्टोबर १९३० ते ६ फेब्रुवारी १९३१ या काळात ‘गीताई’ लिहिली. त्याआधी १९१५ मध्ये टिळकांचे ‘गीतारहस्य’ आले होते आणि त्यातला अर्जुन काही नुसते रूपक नव्हता. वर्ध्याला गोपुरीत गीताई मंदिर आहे, छप्पर नसलेले. आत मूर्ती नाही, रथ नाही, घोडे नाहीत. गीताईचे श्लोक कोरलेल्या शिळा उभ्या आहेत आणि माणसे त्यांच्या कडेने वाचत चालतात. कुरुक्षेत्रातून चित्र पूर्ण काढून टाकले तर काय उरते याचा हा दगडी नमुना. प्रामाणिकपणे सांगायचे तर शाळेच्या सहलीतली पोरे तिथे फार वेळ रमत नसावीत. पहिल्या अध्यायात एवढे शंख वाजतात आणि शिळेवर एकही दिसत नाही.

मग लढाई पाहायची कुठे? पुष्कळ मराठी घरांत त्याचे उत्तर देवघरातच असते, हाताच्या पंजाहून लहान. खंडोबाचा टाक. ठशावर चांदीचा, पितळेचा किंवा तांब्याचा पातळ पत्रा ठोकून उठवलेला. घोड्यावर खंडोबा, मागे म्हाळसा, हातात तलवार, पायाशी कुत्रा आणि खाली पडलेला दैत्य. मणी आणि मल्ल यांच्याशी झालेले हे प्राचीन युद्ध चंपाषष्ठीला संपले. पांढऱ्या घोड्यावरचा विजयी स्वार, टापांखाली शत्रू, ही रचना मिल्वियन पुलाच्या चित्रात जशीच्या तशी सापडेल. पुढची गोष्ट मात्र तिथे सापडायची नाही. ‘मल्हारी माहात्म्या’त मणी शरण येतो, आपला घोडा देवाला देतो आणि देवाजवळ जागा मागून घेतो. मल्लाचे डोके जेजुरीच्या पायरीशी येते, भक्तांच्या पायांखाली. भंडारा उधळला जातो तो त्या सगळ्यांवर. हरलेल्याला नदीत सोडून न देता चित्राच्या चौकटीत ठेवून घेतलेले आहे, एकाला देवाशेजारी आणि एकाला पायरीशी. दोघांची बरोबरी कोणी केलेली नाही हेही लक्षात घ्यावे.

सणासुदीला टाक चिंचेने घासून उजळतात. पिढ्यानपिढ्या घासल्यावर आधी म्हाळसेचे नाक जाते, मग देवाचे डोळे, मग कुत्रा आणि जमीन एक होतात. घोड्याच्या मानेचा बाक आणि तलवारीची रेघ सर्वांत शेवटी बुजते. खाली पडलेला मणी की मल्ल, हे विचारायला घरातले म्हातारे माणूस लागते. तेही नसले तर टाक सोनाराकडे जातो, आणि सोनार पत्रा आटवून त्याच ठशावर पुन्हा ठोकून देतो.